उमेदवारीचे दार



स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी आपल्या मुलामुलींच्या पदव्यांचे कौतुक होते, आणि ते व्हावयासच हवे. परंतु ज्यांचे छायाचित्र येथे कधी छापले जात नाही, अशी मुलेही आपल्याच घरांत आहेत. विद्यापीठाची वाट ज्यांना मानवली नाही, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उमेदवारीचे मोल आम्हां डॉक्टरांना तरी कोणी सांगावयास नको. केवळ ग्रंथ पाठ करून कोणी शल्यचिकित्सक झालेला नाही. ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून हात बसला, तेव्हाच विद्या आली. इलेक्ट्रिशियन, दंतसाहाय्यक वा हिशेबनीस यांचेही तसेच आहे. आपल्या पूर्वजांचे हात कुशल होते. नव्हते ते धंदा निवडण्याचे स्वातंत्र्य. जन्मावरून काम ठरविणाऱ्या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये प्रहार केला, तो याचसाठी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच महायुद्धाच्या काळात ‘बेव्हिन योजने’खाली भारतातील तरुण कामगार तांत्रिक शिक्षणासाठी याच ब्रिटनमध्ये आले होते. मग आपल्या मुलाने उमेदवारी पत्करली, तर आपली मान खाली का जावी? शिवाय इंग्लंडमध्ये २०१५ पासून काही उमेदवारी अभ्यासक्रमांतून पगार घेता घेता पदवीही मिळविता येते.

येथे शासनाने पैशाची वाट बरीच सुकर केली आहे. वार्षिक वेतनखर्च तीस लाख पौंडांहून अधिक असलेल्या मालकांवर २०१७ मध्ये अर्धा टक्का कर बसविण्यात आला. त्यातील न वापरलेला काही भाग लहान व्यवसायांना देता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २५ वरून ५० टक्क्यांवर नेण्यात आली. पन्नासांहून कमी नोकर असलेल्या व्यवसायाने २१ वर्षांपर्यंतचा उमेदवार घेतल्यास प्रशिक्षणाचा संपूर्ण खर्च शासनाने उचलावा, असाही निर्णय त्याच वेळी अमलात आला. वेस्ट मिडलंड्स कंबाइन्ड ऑथॉरिटीसारख्या संस्थांनी मोठ्या कंपन्यांचा निधी लहानांपर्यंत पोहोचविण्याचे काम केले आहे.

तरीही लहान मालक बिचकतो. दोष आधी स्वतःचा सांगावा, म्हणून आमच्या दवाखान्याचेच उदाहरण देतो. स्वागतकक्षासाठी शिकाऊ उमेदवार घ्यावा, असे सहकाऱ्यांनी सुचविले असता आम्ही दोन वर्षे टाळाटाळ केली. कारण पैसा नव्हे. खाते उघडा, प्रशिक्षणसंस्था शोधा, करार करा, या सोपस्कारांचे भय! अखेर कौन्सिलमधील एक बाई एक दुपार शेजारी बसल्या आणि दोन वर्षे अडलेले काम मार्गी लागले. सतरा वर्षांची एक मुलगी रुजू झाली. पहिले काही महिने तिला शिकविण्यातच वेळ गेला, हे आम्ही लपवीत नाही. आज वृद्ध रुग्ण फोनवर तिलाच नाव घेऊन विचारतात.

तात्पर्य, केवळ निधी पुरत नाही; शेजारी बसणारे माणूस लागते. लहान व्यवसायाजवळ कागदपत्रे सांभाळणारा स्वतंत्र विभाग नसतो. ती उणीव कौन्सिलने भरून काढावी, असा आग्रह आपण आपल्या नगरसेवकांकडे धरला पाहिजे. आपल्या संस्थेनेही वार्षिक मेळाव्यात कौन्सिलच्या अधिकाऱ्यांस पाचारण करून एक टेबल मांडावे, आणि ज्यांची दुकाने, दवाखाने, गॅरेज वा कार्यालये आहेत अशा सभासदांची यादी करावी. प्रत्येकाने निदान एक उमेदवार घ्यावा.

आणखी एक विनंती. तो उमेदवार आपल्याच नात्यागोत्यातील असावा, असा हट्ट नको. आमच्या दवाखान्यातील ती मुलगी आपल्या समाजाची नाही. धंद्यांची दारे ज्यांच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्या बंद झाली, त्यांनी स्वतःचे दार उघडताना जात विचारू नये. आपल्या मुलांसाठी दुसऱ्यांची दारे उघडावीत, असे वाटत असेल, तर आरंभ आपल्या उंबरठ्यापासून झाला पाहिजे.