न्यूझीलंडच्या रानात हरवणारे आणि त्यांना शोधणारे

जुलै २०१६ च्या अखेरीस, म्हणजे दक्षिण गोलार्धातील ऐन हिवाळ्यात, एक झेक दांपत्य न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील राउटबर्न वाटेवर चालू लागले. सुमारे तेहेतीस किलोमीटरची ही वाट उन्हाळ्यात जगभरचे पर्यटक दोन-तीन दिवसांत सहज पार करतात. हिवाळ्यात मात्र तिच्यावर बर्फ साचते, हिमकडे कोसळतात आणि वाट दाखवणाऱ्या खुणाही बुजून जातात. वाटेत पती उतारावरून घसरून मृत्युमुखी पडला. पत्नी काही रात्री उघड्यावर काढून लेक मॅकेन्झी येथील बंद निवारागृहापर्यंत कशीबशी पोहोचली आणि तेथेच अडकली. बर्फावर राखेने मदतीची खूण काढून ती वाट पाहत राहिली. तिची सुटका झाली ती २४ ऑगस्टला, सुमारे एका महिन्याने.

या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की, त्या महिन्यातील जवळजवळ सर्व काळ तिचा शोध कोणी घेतलाच नाही. शोधपथके अपयशी ठरली नव्हती. कोणी हरवले आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. दांपत्याने आपला बेत न्यूझीलंडमध्ये कोणाला सांगितला नव्हता, जवळ संकटसूचक बीकन नव्हते. मायदेशातील आप्तांची चिंता झेक वाणिज्यदूतापर्यंत पोहोचली, पोलिसांना वाटेच्या तोंडाशी उभी असलेली त्यांची मोटार सापडली आणि मग अल्पावधीतच हेलिकॉप्टर त्या निवाऱ्यावर उतरले. शोध सुरू झाल्यावर तो संपायला फारसा वेळ लागला नाही. वेळ गेला तो शोध सुरू होण्यात.

न्यूझीलंडमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या किंवा सुटीत तेथे जाणाऱ्या मराठी माणसांनी या भेदाकडे गांभीर्याने पाहण्याची गरज आहे. सह्याद्रीत वाढलेल्या भटक्याच्या मनात डोंगराची एक विशिष्ट कल्पना असते. गड चढताना पायथ्याशी वाडी असते, वाटेत गुराखी भेटतो, माचीवर कोणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते. चुकलेला माणूस खाली उतरत गेला की बहुधा वस्तीला लागतो. फियोर्डलँड राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यात गावे जवळजवळ नाहीतच. तेथे ओढ्याच्या कडेने खाली उतरणे हा सुटकेचा मार्ग नसून अनेकदा घळीत, धबधब्याच्या माथ्यावर किंवा फुगलेल्या नदीत नेणारा मार्ग ठरतो. मिलफर्ड साउंड येथे वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुपारी माणूस वाहून नेऊ शकते. एकोणिसाव्या शतकात नदीत बुडून येणारा मृत्यू इतका सर्रास होता की त्याला ‘न्यूझीलंडचा मृत्यू’ असेच नाव पडले होते.

या भूगोलाला त्या देशाने दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. शोध आणि बचावकार्याची जबाबदारी तेथे दोन यंत्रणांत विभागली आहे. जमिनीवरील आणि किनाऱ्यालगतचे स्थानिक शोध पोलीस चालवतात. बीकनचे संकेत, बेपत्ता विमाने आणि खोल समुद्रातील मोहिमा यांचे नियंत्रण राष्ट्रीय बचाव समन्वय केंद्राकडे असते. या केंद्राचे कार्यक्षेत्र सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे जगातील सर्वांत विस्तीर्ण क्षेत्रांपैकी एक आहे. परंतु प्रत्यक्ष रान तुडवणारी माणसे बहुतांशी पगारी नसतात. ‘लँड सर्च अँड रेस्क्यू’ या संघटनेचे स्वयंसेवक शिक्षक, शेतकरी, सुतार, अभियंते असतात. फोन येताच ते हातचे काम टाकून निघतात. हेलिकॉप्टर आणि शोधश्वान बातमीत दिसतात. ओल्या झुडपांतून रांगत काढलेले दिवस दिसत नाहीत.

हा शोध म्हणजे केवळ धावाधाव नव्हे. हरवलेली व्यक्ती शेवटची कोठे दिसली, तो बिंदू आधी ठरवला जातो. त्याभोवतीच्या भूभागाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात ती असण्याची शक्यता मांडली जाते. हरवलेली माणसे कशी वागतात याचा जगभरच्या नोंदींवरून अभ्यास झाला आहे. लहान मूल, शिकारी, पदभ्रमंती करणारा आणि स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध हे निरनिराळ्या प्रकारे भटकतात. यातील शेवटचा गट विशेष लक्षात घ्यावा असा आहे. न्यूझीलंडच्या स्वयंसेवकांना रानाइतकेच नगरांतही शोधकार्य करावे लागते, कारण घरातून निघून वाट विसरलेल्या वृद्धांच्या गळ्यात किंवा मनगटावर संकेत देणारे उपकरण बसवण्याची सोय तेथे उभी राहिली असली, तरी ते सर्वांकडे नसते. पुण्याहून किंवा नागपूरहून काही महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना परका परिसर किती लवकर चकवा देऊ शकतो, हे अनेक कुटुंबांना सांगावे लागणार नाही.

शास्त्र कितीही प्रगत झाले तरी त्याचा आरंभबिंदू माहिती हाच राहतो. मे २०२० मध्ये काहुरांगी राष्ट्रीय उद्यानात दोन तरुण पदभ्रमंतीकर धुक्यात वाट चुकले. दोघांनाही दुखापत झाली आणि जवळचे अन्न संपले. त्यांनी पाण्याजवळ मुक्काम केला व तेथून हलले नाहीत. अठराव्या दिवशी त्यांनी पेटवलेल्या जाळाचा धूर हेलिकॉप्टरमधून दिसला आणि दोघे जिवंत सापडले. त्यांच्या परतण्याची वाट पाहणारे लोक होते, ठरलेल्या वेळी ते न आल्याची खबर पोलिसांना मिळाली होती, म्हणूनच आकाशात हेलिकॉप्टर होते. राउटबर्न आणि काहुरांगी या दोन घटनांत धैर्य दोन्हीकडे होते. फरक होता तो मागे कोणी जागे असण्याचा.

गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञानाने हे समीकरण बदलू पाहिले आहे. ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकेत देणारे वैयक्तिक बीकन आता तळहातात मावते, भाड्याने मिळते आणि त्याची नोंदणी विनाशुल्क होते. मे २०२३ पासून न्यूझीलंडमध्ये नव्या आयफोनवरून उपग्रहाद्वारे आपत्कालीन संदेश पाठवता येतो. २०२४ च्या अखेरीस एका दूरसंचार कंपनीने साध्या फोनसंदेशांसाठीही उपग्रहसेवा सुरू केली. त्यामुळे ‘शोध’ अनेकदा ‘सुटका’ बनतो: माणूस कोठे आहे हे ठाऊक असते, प्रश्न केवळ तेथे पोहोचण्याचा उरतो. हा मोठाच लाभ आहे. मात्र फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, अरुंद दरीत व घनदाट छताखाली उपग्रह दिसत नाही, आणि बेशुद्ध माणूस कोणतेही बटण दाबू शकत नाही. उपकरण खिशात आहे म्हणून हवामानाचा अंदाज डावलून निघणारा माणूस सुरक्षित झालेला नसतो. त्याने आपला धोका हेलिकॉप्टरच्या वैमानिकावर आणि स्वयंसेवकांवर ढकललेला असतो.

येथूनच खर्चाचा वाद सुरू होतो. न्यूझीलंडमध्ये सुटका झालेल्या माणसाच्या हाती पोलीस शोधाचे बिल ठेवत नाहीत. अपघातात झालेल्या दुखापतीच्या उपचारांना तेथील सार्वजनिक अपघात विमायोजना परदेशी पाहुण्यांसाठीही आधार देते. आजारपण किंवा मायदेशी परतण्याचा खर्च मात्र तिच्यात येत नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने वेगळा मार्ग धरला: निष्काळजीपणाने संकटात सापडलेल्याकडून खर्च वसूल करण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि वार्षिक ‘हाइक सेफ’ कार्ड घेणाऱ्याला त्या वसुलीतून बहुतांशी सूट मिळते. एखादा पर्यटक कॅनव्हासचे बूट घालून बर्फात जातो आणि करदात्यांचा पैसा त्याच्यासाठी खर्ची पडतो, तेव्हा दंडाची मागणी स्वाभाविक वाटते. तिच्याविरुद्धचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. बिलाच्या भीतीने माणूस मदत मागायला उशीर करतो. दुपारी मागितलेली मदत ही तासाभराची उड्डाणफेरी असते. मध्यरात्री, वादळात, शरीर गारठल्यावर मागितलेली मदत ही अनेकांचे प्राण पणाला लावणारी मोहीम असते. दंडामुळे शहाणपण वाढते की केवळ विलंब, याचा विचार केल्याशिवाय मोफत बचावाला उधळपट्टी म्हणणे योग्य नाही.

स्वयंसेवेचा हा धागा महाराष्ट्राला अपरिचित नाही. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे तीस कर्मचारी दगावले, तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत परिसरातील गिर्यारोहकच आघाडीवर होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे हेच काम पदरमोड करून करीत आल्या आहेत. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने चालणाऱ्या बचाव समन्वय केंद्राने एका मदतक्रमांकाभोवती अशा गटांना जोडले आहे. न्यूझीलंडमधील व्यवस्थेशी तुलना करता उणीव धैर्याची नाही. तेथे स्वयंसेवकाच्या पाठीशी ठरलेली सरकारी यंत्रणा, प्रशिक्षण आणि निधी उभा असतो. येथे मोहीम संपल्यावर दोराचा खर्चही अनेकदा गटालाच सोसावा लागतो.

शोध निष्फळ ठरला तर उरते ती कुटुंबाची कायदेशीर आणि मानसिक कोंडी. भारतात सात वर्षे जिचा ठावठिकाणा तिच्या माणसांना लागला नाही, अशी व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरता येते. जुन्या पुरावा कायद्यातील ही तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तोवर विमा, वारसा, बँकेतील ठेवी यांचे व्यवहार लोंबकळत राहतात. न्यूझीलंडमध्ये मृतदेह हाती नसतानाही विशिष्ट परिस्थितीत मृत्युसमीक्षक चौकशी करू शकतात. म्हणून तेथे पोलीस शोध ‘बंद’ झाला असे सहसा म्हणत नाहीत, ‘स्थगित’ झाला असे म्हणतात. नवी माहिती मिळाली तर तो पुन्हा सुरू होतो. आप्तांच्या दृष्टीने या एका शब्दाला फार अर्थ असतो.

परदेशस्थ कुटुंबांसाठी यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. ‘ट्रेकला जातोय’ एवढे सांगणे म्हणजे बेत सांगणे नव्हे. कोणती वाट, कोणते मुक्काम, सोबत कोण, मोटार कोठे उभी असेल आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचे, एवढे लेखी असावे लागते, आणि ते न्यूझीलंडमध्येच असलेल्या विश्वासू व्यक्तीकडे असावे लागते. निवारागृहांतील नोंदवहीत नाव लिहावे, कारण शोधपथके ती पाहतात. पण ती वही रोज कोणी तपासत नाही, त्यामुळे धोक्याची घंटा तिच्यातून वाजत नाही. संवर्धन विभाग पर्यटकांच्या परतीवर लक्ष ठेवत नाही. तक्रार देण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते, हा समजही चुकीचा आहे.

भारत आणि न्यूझीलंड यांच्या घड्याळांत साडेसहा ते साडेसात तासांचे अंतर आहे. तेथे काळोख पडून कोणी परतले नाही हे लक्षात येते, तेव्हा येथे दुपार असते आणि घरचे निर्धास्त असतात. ती निर्धास्ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली, तर शोधाचे सर्वांत मोलाचे तास निघून गेलेले असतात. स्वयंसेवक, श्वान आणि हेलिकॉप्टर यांच्याआधी हवा असतो तो, अमुक माणूस अमुक वेळी यायला हवा होता हे ठाऊक असलेला आणि ती वेळ टळताच फोन उचलणारा कोणीतरी.