अब्रू कोणाची? ‘हिंदुपंच’ची शिकवण



मीरा रोडहून जिल्हा कचेरीच्या कामासाठी आपण ठाण्यास जाता. त्याच ठाण्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ‘हिंदुपंच’ हे मराठी विनोदी साप्ताहिक निघू लागले. लंडनच्या ‘पंच’ने 1841 मध्ये घालून दिलेला आणि मुंबईच्या ‘पारशी पंच’ने 1854 मध्ये गिरविलेला हा कित्ता होता.

जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. या शिक्षेमागे गोखल्यांचा हात आहे, असा आरोप ‘हिंदुपंच’ने केला. गोखल्यांनी 1909 मध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला व तो जिंकला. हा निकाल मला रास्त वाटतो. थट्टेस मुभा असावी; खोट्या आरोपास नसावी.

परंतु आपण विचारा : त्या काळी कायद्याच्या लेखी अब्रू होती कोणाला? पुढाऱ्याची नालस्ती झाली तर न्यायासन हलले. ज्याला पाणवठ्यावर भरदिवसा हाकलून लावीत, त्याचा अपमान मात्र रूढी ठरे! त्याने नुकसानी कशाची मागावी आणि कोणाकडे?

म्हणूनच शिवराम जानबा कांबळे यांचे स्मरण करा. त्याच जुलै 1908 मध्ये त्यांनी पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि मुली देवाला वाहण्याच्या मुरळीच्या चालीवर प्रहार केले. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. वृत्तपत्रांच्या इतिहासात विनोदी साप्ताहिकांचे कौतुक करणाऱ्यांनी या पत्रांना समासात ढकलावे, हे आपण मुकाट्याने का सोसावे?

आज आपल्या हाती राज्यघटनेचे कलम 17 आहे आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. ‘बौद्ध झालात, आता हे संरक्षण गेले,’ असे कोणी म्हणाल्यास विश्वास ठेवू नका. 1990 पासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही ते लागू आहे. सबब जातीचा दाखला काढून ठेवा.

मात्र थट्टेवर सरसकट बंदी मागू नका. ज्यांची तोंडे शतकानुशतके बांधली गेली, त्यांनी दुसऱ्याचे तोंड बांधण्याची दोरी वळू नये. खोटा आरोप झाला तर दावा लावा. जातीवरून चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान झाला तर फिर्याद द्या. आणि निव्वळ थट्टा असेल तर लेखणी उचला. हसण्याचा मक्ता कोणा एका जातीचा नाही.