वरोऱ्याच्या शाळांना लिनक्सच हवं

शाळेतल्या संगणकांचा विषय निघाला की वरोऱ्यात तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. लिनक्स ही संगणकप्रणाली फुकट आहे, म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार. पोरं नोकरीला जातील तिथे विंडोजच असणार. आणि अडलं तर विचारायचं कोणाला?

पहिला आक्षेप टिकतच नाही. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांवर २०१७ पासून लिनक्सच चालतं, अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला तो पैसे वाचवायला नव्हे. प्रणाली हवी तशी वापरावी, तिचा कोड वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, हे हक्क वापरणाऱ्याकडे राहावेत म्हणून. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याचं १९९१ मधलं लिनक्स पुढच्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली आलं.

हक्क वापरणाऱ्यांकडे ठेवण्याचा हा विचार आपल्या मुलखाला परका नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जंगल सगळ्यांचं झालं, बेवारस झालं नाही. नियम गावाने केले. ग्नूच्या परवान्यातही असा एक नियम आहे: प्रणालीत बदल करून ती इतरांना द्यायची, तर बदललेला कोडही त्यांना खुला द्यावा लागतो. शिवाय तोडलेला बांबू कमी होतो, प्रणालीची प्रत घेतल्याने कोणाचंच काही कमी होत नाही.

नोकरीचं म्हणाल तर विंडोज एक्सपीवर शिकलेल्यांना विंडोज ११ वर सगळं नव्यानेच शोधावं लागलं. मुलाने फाइल सांभाळणं, हिशेबाचा तक्ता मांडणं, प्रोग्राम लिहिणं शिकावं. बटणांच्या जागा तो आठवड्याभरात शिकतो. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं ग्नू-लिनक्सवर शिकवत आहेत.

तिसऱ्या आक्षेपात मात्र वजन आहे. गावातल्या दुरुस्तीवाल्याला बहुधा विंडोजच टाकता येतं, तेही पुष्कळदा चोरीचं. पण आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत, मोफत आहेत. ते शिकून सेवेचे पैसे घ्यायला परवान्याची आडकाठी नाही. तो पैसा गावातच राहील. टॅलीसारख्या विंडोजवरच्या हिशेबाच्या प्रोग्रामवर किंवा जुन्या फाँटांवर ज्यांचा धंदा उभा आहे, त्या दुकानांनी घाई करू नये. शाळांचं तसं अडत नाही: युनिकोड मराठी लिनक्सवर नीट उमटतं, लिब्रेऑफिसचे मेन्यूही मराठीत मिळतात.

आणि आता थांबायला वेळ नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर नाकारतं. धडधाकट यंत्र भंगारात काढायचं की नाही, हे दूरची कंपनी ठरवते आणि आपण मुकाट नवी खरेदी करतो; हे मला मान्य नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराची हलकी आवृत्ती चालते.

शाळांनी उन्हाळी सुट्टीत एका यंत्रापासून सुरुवात करावी. आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावं, प्रिंटर आणि वायफाय तपासावं, जे चालत नाही ते लिहून ठेवावं, सगळ्या फाइलींची प्रत काढावी आणि मगच जुनी प्रणाली पुसावी.