मनीची भूक

आमच्या मनीला माणूस दिसला की भूक लागते! सकाळी मी ओट्याशी उभी राहिले, की पायांत घोटाळणं, पोटऱ्यांना अंग घासणं आणि ती घुरघुर. मी शाळेत गेले, की सासूबाईंपाशी हाच प्रयोग, संध्याकाळी मुलांपाशी. प्रत्येकाला वाटतं, बिचारी सकाळपासून उपाशीच!

त्या घुरघुरीतच खरी गोम आहे, बरं का. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम यांना २००९ साली आढळलं, की खाणं मागताना काही मांजरं घुरघुरीत एक वरच्या पट्टीतला स्वर मिसळतात, थेट तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. मग आपला जीव कसा राहील?

मनीला मात्र हे लाड बाधले. जुलाब लागले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी आधी दूध बंद केलं. पुष्कळशा मोठ्या मांजरांना म्हणे ते पचतच नाही. आता तिचं दिवसाचं खाणं मी सकाळीच मोजून डब्यात काढते. कुणीही द्या, पण त्यातलंच; डबा रिकामा, की संपलं.

मुलांनी ऐकलं. सासूबाईंच्या खाटेखाली मात्र काल सायीची बशी सापडली!