वाळल्या भाजीची लाज कशाला?

मे महिन्यात गावी गेलेली आपली माणसे पावसाच्या तोंडावर वर्तकनगरला परत येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एक गाठोडे असते. कोकणातल्या घरात ते सुटले की त्यातून आमसुले, आंबोशी, सुका जवळा, कुळीथ आणि मातीत घोळवलेल्या फणसाच्या आठळ्या निघतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भाकडच्या घरात हरभऱ्याचा वाळलेला पाला, अंबाडी, सांडगे, गवारीच्या वाळल्या शेंगा आणि मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे. आजीने नाहीतर थोरल्या जावेने महिनाभर ऊन-वारा सांभाळून केलेली ही पावसाळ्याची बेगमी. कोकणात तिला आगोट म्हणतात.

आणि आपण तिचे काय करतो? दोन दिवस कौतुकाने खातो. मग पिशवी पलंगाखाली जाते. पाहुणे यायचे असले की जवळा भाजत नाही. मुलाच्या डब्यात वाळली भाजी देत नाही, कारण वर्गातली मुले नाक मुरडतात. श्रावणात कधीतरी ती पिशवी पुन्हा हाताला लागते, तोवर तिला बुरशी आलेली असते. ती फेकताना आपण गावच्या म्हातारीचे महिनाभराचे कष्ट फेकतो आणि घरातल्या बाईचे रक्तही फेकतो.

रक्त हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्के होते. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया याच रांगेत आहेत. आपल्या वस्तीत या आकड्यांना चेहरे आहेत. पाण्याचा हंडा घेऊन जिना चढताना धाप लागणारी भाभी, दहावीत गेलेली आणि सारखी झोप येणारी मुलगी, बाळंतपणाच्या आधी रक्त चढवावे लागलेली सून.

पावसाळ्यात हे आणखी बिघडते. नाक्यावरचे काम बंद होते, रोजंदारी बुडते. पालेभाजीची जुडी महागते आणि आणली तरी अर्धी सडकी निघते. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळीही हाताबाहेर जाते. मग घरात चहा-खारी, चहा-बटर सुरू होते आणि मुलांच्या हातात पाच रुपयांची पाकिटे येतात. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात जाते ते मैदा, तेल आणि मीठ. नेमक्या याच दिवसांसाठी आपल्या आयांनी वाळवण करून ठेवले होते. मग ते पलंगाखाली का गेले?

आमच्या मते याचे मुख्य कारण लाज आहे, आणि ती कुठून आली हे नीट समजून घ्यायला हवे. गावगाड्याने आपल्या पूर्वजांना मेलेली जनावरे ओढायला लावली आणि त्यांचेच मांस खायची पाळी आणली. एकदम मिळालेले मांस टिकावे म्हणून ते उन्हात वाळवून ठेवत. मराठवाड्यात त्याला चान्या म्हणतात. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदारचे उष्टे-शिळे तुकडे सोडा. आपल्या लोकांनी ते सोडले. पोटाला चिमटा काढून सोडले. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि त्याबद्दल आज आम्हाला काहीही वेगळे म्हणायचे नाही.

पण त्या लाटेत आणखी एक गोष्ट घडली. जे सोडायला बाबासाहेबांनी कधीच सांगितले नव्हते, तेही आपण हळूहळू टाकले. हरभऱ्याचा पाला, घोळ, तांदुळजा, अंबाडी, सुकट, हुलग्याचे माडगे. शहरात आल्यावर शेजाऱ्याच्या नाकाची भीती वाटली. गरिबीचे अन्न म्हणून आपण त्याकडे पाहू लागलो. उष्टे तुकडे हा आपल्यावर लादलेला अपमान होता. वाळली भाजी ही मात्र आपल्या बायकांनी स्वतःच्या हाताने आणि अकलेने केलेली साठवण होती. या दोन्हींची एकच मोट बांधून ती फेकून देणे ही आपली चूक झाली. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ कृतीसकट मांडले. ते वाचताना आपल्याच आजीचे स्वयंपाकघर पुन्हा दिसते आणि आपण नेमके काय विसरलो हे कळते.

कोणी म्हणेल, परसबाग आणि साठवण ही जमीनवाल्यांची चैन, आपल्याकडे होते काय? खरे आहे, जमीन आपल्याकडे नव्हतीच. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांना सत्याग्रह करून तुरुंग भरावे लागले. पण बौद्धवाडीतल्या घरामागे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ असायची. छपरावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल असायचा, दाराशी शेवगा असायचा. बांधावरचा पाला खुडायला सातबारा लागत नसे. थोड्या जागेत, कमी पाण्यात आणि बिनखर्चात वर्ष काढायचे ज्ञान आपल्याच घरांत होते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला आज तेच ज्ञान हवे आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. वर्तकनगरच्या मागे येऊरचा डोंगर आहे. पहिला पाऊस पडला की तिथल्या पाड्यांवरच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळे घेऊन ठाण्याच्या बाजारात बसतात. पाच-सहा आठवड्यांचा हा हंगाम असतो. आपण त्यांच्यासमोरून जातो आणि फ्लॉवर घेतो. त्यांच्याकडून दोन वाटे घ्या आणि शिजवायचे कसे ते त्यांनाच विचारा. शेवळाबरोबर काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे त्या आपणहून सांगतील. मात्र ओळखीची नसलेली भाजी स्वतः डोंगरावरून खुडून आणू नका आणि गटाराच्या, नाल्याच्या कडेचे अळू कधीही घेऊ नका.

आता वाळवणाचे. वाळवण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पापड, कुरडया आणि लोणच्याची बरणी येते. आरोग्याच्या दृष्टीने आम्ही या गोष्टी मागे ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहूनही कमी मीठ खावे. लोणचे, पापड, सांडगी मिरची यांत मीठ भरपूर असते, आणि पापडखारातला सोडाही रक्तदाबाला मिठासारखाच त्रास देतो. वस्तीत चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी या वस्तू सणापुरत्या ठेवाव्यात. आपल्याला परत आणायचे आहे ते बिनमिठाचे वाळवण, म्हणजे शेवग्याचा पाला, मेथी, चवळीचा पाला, हरभऱ्याचा पाला, गवार, भेंडी आणि कारल्याच्या चकत्या.

करायला ते सोपे आहे. पाला धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या. तो थेट उन्हात टाकू नका, रंग आणि सत्त्व दोन्ही उडतात. स्वच्छ सुती साडीवर सावलीत, वारा खेळेल असा पातळ पसरा आणि वर मच्छरदाणीचा तुकडा टाका. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेच्या दुपारी जी धग असते, ती आपल्याला छळते, पण पाला सुकवायला चांगली. चुलीच्या धुरापासून दूर छोट्या जुड्या टांगल्या तरी दोन-तीन दिवसांत काम होते. गवार आणि चकत्यांना मात्र कडक ऊन द्या. वर्तमानपत्रावर काही वाळवू नका, त्याची शाई अन्नात उतरते. मुठीत चुरल्यावर कुरकुर आवाज आला की भाजी वाळली. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा, ओला चमचा घालू नका, आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून पाहा. मिरची, शेंगदाणे, पाला, कशावरही बुरशी दिसली तर वरवर पुसून वापरू नका, सगळे टाकून द्या. बुरशीचे विष शिजवूनही जात नाही.

शेवग्याच्या पाल्याची पूड वरणात, भाकरीच्या पिठात, सहा महिन्यांवरच्या बाळाच्या मऊ खिचडीत चिमूट-चिमूट घालता येते. पण एक लक्षात ठेवा. पाल्यातले लोह शरीराला सहज लागत नाही आणि वाळवताना पाल्यातले क जीवनसत्त्व बरेचसे उडून जाते. म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. जेवणाबरोबरचा चहा बंद करा, तो लोह अडवतो. तासाभराने प्या. भाजीबरोबर थोडा जवळा किंवा सुकट असेल तर पाल्यातले लोहही जास्त लागते. सुकी मासळी आधी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्या, म्हणजे खारटपणा कमी होतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका, भाजी ही गोळीच्या सोबतीला आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पालेभाजी किती खावी हे डॉक्टरांना विचारावे.

ज्यांच्याकडे खिडकीची जाळी किंवा दारापुढे हातभर जागा आहे, त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून मेथी, पुदिना, तांदुळजा लावावा. जुन्या ड्रममध्ये शेवग्याची फांदी पावसाच्या सुरुवातीला खोचली तरी जगते. पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक ताटली आणि डबा पालथा करून कोरडा करा.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. सकाळी चार घरची धुणीभांडी, संध्याकाळी स्वतःचे घर, त्यात आता वाळवण कुणी करायचे? उत्तर 'बाईने' असे असेल तर हा लेख आम्ही मागे घेतो. गावी हे काम चार जणी मिळून अंगणात बसून करत. इथे ते एकटीच्या डोक्यावर टाकले तर तो जुनाच जुलूम नव्या नावाने होईल. पाला निवडायला हात लागतात, ते मुलग्यांनाही आहेत. पसरलेले वाळवण उचलायला घरी असलेल्या आजोबांना काय हरकत आहे?

आणि दुसरा प्रश्न जागेचा. आपल्या भागातल्या जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहत आहेत. जुन्या गॅलरीत दोरी बांधता येत होती, गच्चीवर चादर अंथरता येत होती. कित्येक नव्या इमारतींत गच्चीला कुलूप असते. पुनर्विकासाच्या सभेत आपण चटईक्षेत्र, भाडे, पार्किंग यांवर भांडतो. तिथे गच्चीच्या किल्लीचाही विषय काढा. वर्षातले दोन महिने, ठरलेल्या वेळी, वाळवणासाठी गच्ची खुली राहील, एवढे लेखी घ्या. आणि तोवर आपल्या विहाराची गच्ची आहेच. महिला मंडळांनी एप्रिलमध्ये, जयंतीचा कार्यक्रम आटोपला की, चार रविवार तिथे सामुदायिक वाळवण ठेवावे. पाला एकत्र आणला तर स्वस्त पडेल, आणि ज्या आजीला येते ती चार मुलींना शिकवेल.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग संसाराला, दोन कामधंद्याला, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायला. भिक्खूला अन्न साठवायची विनयात मनाई आहे, पण गृहस्थाने साठवावे आणि त्यातून द्यावे ही अपेक्षा आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावासात विहारात जमून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. हेच तीन महिने वस्तीत काम कमी असते आणि ताटात भाजी कमी असते. या वर्षी वाचनाला येताना मूठभर वाळला पाला घेऊन या. तो एका डब्यात गोळा होऊ द्या, आणि ज्या घरात गरोदर किंवा बाळंतीण बाई आहे, त्या घरी पोचवा.

गावाहून आलेली पिशवी आज पलंगाखालून काढा, एकदा ऊन दाखवा आणि उद्याच्या डब्यात द्या. मुलाला कोणी नाक मुरडून विचारले, तर त्याला सांगता आले पाहिजे की ही माझ्या आजीने केलेली भाजी आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.