कुरूप पडद्याची बाजू

गणिताच्या एका विद्वानांनी नुकतंच फर्मावलं, की वर्गात ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा पडदा प्रोजेक्टरवर दाखवणं म्हणजे निव्वळ मागासलेपणा. जिओजेब्रा फुकट आहे, रंगीत आहे, बोट फिरवलं की आलेख डोलतो. मग ते १९९०च्या दशकातलं ठोकळेबाज यंत्र भिंतीवर कशाला? शिवाय मुलं नुसती बघे होतात, आणि आलेख काढावा तर हातानंच. म्हणजे आधी सॉफ्टवेअरची आरती, मग आलेखवहीची. प्रसाद कुठला घ्यायचा, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

हातानं आलेख काढावाच, त्याला ना कोणाची? आणि बघ्यांचं म्हणाल, तर खडू-फळ्यापुढेही बघे भरपूर असतात.

'ठोकळेबाज' हा आरोप मात्र मला मनापासून आवडला. जुन्या कृष्णधवल टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. आलेखाच्या वाट्याला त्यातले ९५ उभे स्तंभ. यंत्र रेडियनमध्ये ठेवा, क्षची मर्यादा शून्य ते दोन पाय घ्या आणि 'साइन ९५क्ष' काढायला सांगा. लाटा ९५ यायला हव्यात. येते एकच, साध्या साइन क्षची! कारण यंत्र ९५च ठिकाणी किंमत काढतं, दोन ठिकाणांतलं अंतर दोन पायचा ९४वा भाग, आणि नेमक्या त्या ठिकाणी दोन्ही फलांच्या किमती जुळतात. आता ९५ऐवजी ९४ टाका. लाट गायब, अक्षावर सपाट रेघ! भिंतीवर जे दिसतं तेच हातातल्या यंत्रात दिसल्यावर मागच्या बाकावरूनही 'असं कसं?' येतंच. आलेख म्हणजे मोजक्या ठिकाणी घेतलेल्या किमती, मधलं सगळं यंत्रानं जोडलेलं, हे तिथे कळतं. सुबक सॉफ्टवेअर बिचारं ९५ लाटा इमानेइतबारे काढून मोकळं होतं. विचारायला काही उरतच नाही.

नाकं मुरडणं तसं जुनंच. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर पॅनेल ठेवून त्याला वायरीनं शिक्षकांचा खास कॅल्क्युलेटर जोडत, तेव्हाही 'हे खेळणं कशाला?' झालंच होतं. त्याआधी साधा कॅल्क्युलेटर आला, तेव्हा लॉगची कोष्टकं सुटली की बुद्धी गंजणार होती. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत कोष्टकं अजून आहेत. बुद्धीचं त्यांनाच विचारावं.

आता मंडन. पुण्या-मुंबईच्या आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतली मुलं गणिताच्या दुसऱ्या पेपरला ग्राफिंग कॅल्क्युलेटरच घेऊन बसतात. वजाबाकीचं बटण वेगळं, ऋण चिन्हाचं वेगळं. 'वाय बरोबर'च्या ओळीत सुरुवातीलाच चुकीचं दाबलं, की आलेख काढताना 'सिंटॅक्स एरर'. संगणकावरच्या टीआय-स्मार्टव्ह्यूमध्ये पडद्यासोबत बटणंही दिसतात आणि कुठलं कधी दाबलं त्याची यादीही, त्यामुळे बोट नेमकं कुठे घसरलं ते सगळ्या वर्गाला दाखवता येतं. अमेरिकेतल्या डिजिटल सॅट परीक्षेत मात्र डेसमॉस हे आलेखाचं सॉफ्टवेअरच दिलेलं असतं. त्या मुलांना खुशाल डेसमॉस दाखवावं.

विद्वानांनीही आपले रंगीत आलेख जरूर डोलवावेत. फक्त पेपरच्या आदल्या दिवशी 'सर, विंडो कुठून बदलायची?' विचारणाऱ्यांची रांग लागते, ती स्वतःच्या दारात लावून घ्यावी.