‘ऐच्छिक’ कुणाच्या इच्छेने?

मोतिबिंदू, हर्निया, झिजलेला गुडघा, बायकांचे बाहेर येणारे अंग. या दुखण्यांवरच्या शस्त्रक्रियांना कागदोपत्री ‘ऐच्छिक’ म्हणतात, वॉर्डातल्या बोलीत ‘कोल्ड केस’. ज्याने कुणी हे नाव ठेवले, त्याला झिजलेल्या गुडघ्यांनी उकिडवे बसून उठण्याची पाळी कधी आली नसावी!

सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत जरा बाकावर टेका. शेजारची साठीची बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. पाणी प्यायले की जावे लागते, बसले की उठवत नाही, आणि उठवायला सुनेला हाक मारायची लाज वाटते. एक्स-रेत तिचा सांधा दिसतो. ही तहान दिसत नाही. पलीकडचा हमाल हर्नियावर पट्टा आवळून बसला आहे. ओझे उचलले तर आतडे अडकायची भीती, न उचलले तर चूल विझायची. मोतिबिंदूची तारीख मिळेपर्यंत म्हातारा उंबऱ्याला अडखळतो, खुबा मोडतो आणि मग तीच ‘थंड’ केस एका रात्रीत तातडीची होते. तेव्हा मात्र धावपळ! म्हणजे या व्यवस्थेला माणूस दिसायला तो आधी कोसळावा लागतो.

तारीख मिळाली तरी सुटका कुठे? आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाला दुपारी सांगतात, ‘आज अपघाताच्या केस आल्या, पुढच्या ओटीला बघू.’ पुढच्या वेळी बेड नसतो. तोवर रक्ताचे रिपोर्ट जुने होतात. पुन्हा तपासण्या, पुन्हा भूलतज्ज्ञाचे फिटनेस, पुन्हा सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज. दोष रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरांचा नाही. पदे रिकामी ठेवून, भूलतज्ज्ञाविना ग्रामीण रुग्णालये चालवून, उद्घाटनाच्या फिती मात्र वेळेवर कापणाऱ्यांचा आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच २०२३ साली दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. ठीकच झाले. पण कार्डावर रक्कम आहे, तारीख नाही! डेन्मार्कने २००२ साली उपचारासाठी थांबण्यावर दोन महिन्यांची मर्यादा घातली. तेवढ्यात जमले नाही तर रुग्णाने सरकारी खर्चाने खासगीत जावे. २००७ साली ती एका महिन्यावर आणली. इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांचे उद्दिष्ट आहे. २०१६ पासून ते पाळले गेलेले नाही, रांग सत्तर लाखांपलीकडे गेली. पण ही नामुष्की तिथे महिन्याच्या महिन्याला छापली जाते. आपल्याकडे कोणत्या रुग्णालयात गुडघ्यासाठी किती महिने लागतात, हे त्या बाईने कुठे वाचावे? लाज वाटायलाही आकडा लागतो!

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाने शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी दर महिन्याला दारावर लावावी. केसपेपरवर नुसते ‘लिस्टवर घ्या’ न लिहिता तारीख लिहावी. ती टळली तर कारण आणि पुढची तारीख लेखी द्यावी. कायद्याने ठरवलेली मुदत उलटली तर शस्त्रक्रिया सरकारने स्वखर्चाने अन्यत्र करून द्यावी. रांगेत क्रम ठरताना नगरसेवकाची चिठ्ठी नव्हे, माणसाचे हाल मोजावेत.

पैसे नाहीत, असे कुणी म्हणेल. थांबण्याचा खर्च आजही होतोच आहे. तो हमालाच्या रोजातून आणि त्या बाईच्या तहानेतून वसूल होतो, एवढेच. ती तहान ‘ऐच्छिक’ आहे असे सांगण्याची ज्यांची छाती असेल, त्यांनी ते मंत्रालयात बसून सांगू नये. त्या बाकावर, तिच्या शेजारी बसून सांगावे.